सैन्य परत बोलावलं म्हणजे अतिरेक्यांपुढे शेपूट घातलं का? (स्पेन २००४ आणि इतर)

कृष्णाकाठी (धागाकर्ता)

परवा अफगाणिस्तानच्या धाग्यावर नेहमीप्रमाणे गाडी भलतीकडे गेली आणि दोन-तीन जणांनी ठासून लिहिलं की स्पेनने २००४ मध्ये बॉम्ब फुटल्यावर तीन दिवसांत सरकार बदललं, इराकमधून सैन्य काढून घेतलं, म्हणजे अल कायदाने एका देशाची निवडणूक जिंकून दाखवली. हे मी कित्येक वर्षं ऐकतोय, टीव्हीवरच्या चर्चेत तर कोणी ना कोणी हमखास म्हणतंच. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा.

आधी घडलं काय ते बघू. ११ मार्च २००४, गुरुवार, सकाळी लोक कामावर निघालेले. माद्रिदच्या चार लोकल गाड्यांत दहा बॉम्ब फुटले, १९१ माणसं गेली. (मुंबईकरांना जास्त सांगायची गरज नाही, दोनच वर्षांनी आपल्याकडे वेस्टर्न लाईनवर तेच झालं.) रविवारी १४ तारखेला मतदान होतं. पंतप्रधान अझ्नार यांच्या सरकारने पहिल्या दिवसापासून बोट दाखवलं एटाकडे, म्हणजे बास्क फुटीरतावाद्यांकडे. इतकं की त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत एटाचं नाव घालून निषेधाचा ठराव पास करून घेतला. आणि त्याच दिवशी पोलिसांना अल्काला दे एनारेस स्टेशनाजवळ एक व्हॅन सापडली होती, आत डिटोनेटर आणि कुराणाच्या आयतींची कॅसेट. शनिवारी संध्याकाळी अटका जाहीर झाल्या तोवर लोक सत्ताधारी पक्षाच्या ऑफिसांसमोर जमून एकच विचारत होते, कोणी केलं ते सांगा. रविवारी सरकार पडलं.

आता महत्त्वाचं. इराकमधून सैन्य परत आणू हे समाजवादी पक्षाचे झापातेरो बॉम्बच्या कितीतरी आधीपासून सांगत होते, ३० जूनपर्यंत संयुक्त राष्ट्रांनी सूत्रं हातात घेतली नाहीत तर परत, असं. बहुसंख्य स्पॅनिश जनता पहिल्यापासून त्या युद्धाच्या विरोधात होती, २००३ मध्ये लाखोंनी रस्त्यावर आलेली. मग दिलेलं वचन पाळलं तर ती शरणागती कशी? का बॉम्ब फुटला की त्याच क्षणी सरकारचं सगळं जुनं धोरण पवित्र होतं आणि त्याला हात लावायचा नाही? तसं असेल तर मग अतिरेकीच ठरवणार की आपण कुठल्या युद्धात किती दिवस राहायचं, फक्त उलट्या बाजूने.

सैन्य परत आलं एवढं बघून काहीच कळत नाही, निर्णय कधी झाला आणि ते सैन्य तिथे नेमकं काय करत होतं ते बघावं लागतं, असं माझं मत. बोला.

तिरकस

चांगली जिलबी पाडलीय, पण खाऊन बघतो.

निर्णय आधी झाला होता वगैरे ठीक. अतिरेकी काही राजकीय पक्षांचे जाहीरनामे वाचत बसत नाहीत (खरं तर वाचतात, पुढे सांगतो), त्यांना निकाल दिसतो. बॉम्ब फुटला, तीन दिवसांनी सरकार गेलं, १७ एप्रिलला झापातेरोंनी शपथ घेतली आणि दुसऱ्या दिवशी सैन्य परत बोलावलं. ३० जूनपर्यंतही थांबले नाहीत. जी मुदत स्वतःच घातली होती ती तरी पाळायची.

आता वाचण्याबद्दल. नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांना जिहादी वेबसाईटवर एक दस्तावेज मिळाला होता, डिसेंबर २००३ चा, हल्ल्याच्या तीन महिने आधीचा. त्यात स्पेनच्या अंतर्गत राजकारणाचा चांगला अभ्यास करून लिहिलंय की स्पेन दोन किंवा फार तर तीन तडाख्यांपुढे टिकणार नाही, येणाऱ्या निवडणुकीचा फायदा घ्या, आणि स्पेन गेलं की इतरांवर दबाव येईल. आणि झालंही तसंच, स्पेनमागोमाग होंडुरास आणि डॉमिनिकन रिपब्लिकने बाडबिस्तरा गुंडाळला. हे सगळं योगायोग म्हणायचं का?

अजून एक, १५ एप्रिल २००४ ला लादेनची टेप आली, युरोपातले जे देश मुसलमानांच्या देशांतून हात काढतील त्यांच्याशी तह करायला तयार आहे म्हणे. तीन दिवसांनी स्पेनची घोषणा. तुमची नियत कितीही शुद्ध असो हो, दिसतं काय ते बघा.

खिडकीतला

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

मुक्ता_माद्रिद

मी इथे राहते (त्या वेळी नव्हते, नंतर आले) म्हणून थोडं लिहिते. इथे अजूनही सगळे त्याला 'ऑन्से एमे' म्हणतात, ११-एम. ऑफिसमध्ये माझ्या बाजूला बसणारी बाई त्या दिवशी अतोचा स्टेशनला उतरायची ती आदल्या रात्री मुलाला ताप आला म्हणून गेली नाही. तिने आयुष्यात पहिल्यांदा त्या रविवारी मत दिलं. का दिलं विचारलं तर ती सैन्याचं नाव काढत नाही, म्हणते आमचे मृतदेह अजून ओळखायचे होते आणि हे लोक आम्हाला खोटं सांगत होते. घाबरलेला माणूस उलट सरकारला चिकटतो ना, हे चिडलेले होते. आदल्या शुक्रवारी पाऊस पडत असताना देशभर लाखो लोक छत्र्या घेऊन रस्त्यावर होते, घरात दडून नव्हते.

दुसरं म्हणजे तिरकस यांच्या थिअरीत एक अडचण आहे. १५ मार्चलाच, निकालाच्या दुसऱ्या दिवशी, झापातेरोंनी परत सांगितलं होतं की सैन्य येणार. मग दोन एप्रिलला माद्रिद-सेव्हिल हायस्पीड रेल्वेच्या रुळांखाली बॉम्ब का सापडला? आणि तीन एप्रिलला लेगानेसच्या फ्लॅटमध्ये पोलिसांनी घेरलं तेव्हा सात जणांनी स्वतःला उडवून घेतलं, एक पोलीस अधिकारी त्यात गेला. मागणी मान्य झाली होती तर हे घरी जायला हवे होते. म्हणजे इराक हे निमित्त होतं, दुकान चालूच राहणार होतं.

अवांतर: शनिवारी ज्या पाच जणांना पकडल्याचं जाहीर झालं त्यात तीन मोरोक्कन आणि दोन आपले भारतीय होते, मोबाईल विक्रीच्या प्रकरणात, नंतर सुटले. इथल्या लावापिएस वस्तीत फोनची, सिमकार्डांची दुकानं आपल्याकडच्या लोकांची बरीच आहेत. आपण कायम लांबून बघणारे नसतो एवढंच.

नाना वाकडेवाडी

अहो मुक्ताताई, तुमचं सगळं मान्य, पण व्यवहार बघा की. गल्लीतल्या दादाने एका दुकानाची काच फोडली आणि दुकानदाराने दुसऱ्या दिवशी मुकाट पैसे दिले, आता तो म्हणाला की मी तर आधीपासून ही रक्कम दान करायचं ठरवलं होतं, तर बाकीच्या दुकानांना त्याचा काय उपयोग? दादा पुढच्या दुकानात जाणारच.

आणि हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. फिलिपाईन्सचं उदाहरण घ्या, तेच वर्ष, जुलै २००४. त्यांचा एक ट्रक ड्रायव्हर इराकमध्ये पळवला, मागणी आली सैन्य काढा. सैन्य म्हणजे किती, ५१ माणसं! त्यांच्या अध्यक्षा अरोयो बाईंनी महिनाभर आधीच परत बोलावली, २० जुलैला ड्रायव्हर सुटला. आणि २१ जुलैला? कुवेतच्या एका कंपनीचे सात ड्रायव्हर पळवल्याची बातमी. त्यात तीन भारतीय होते. आपला एकही जवान इराकमध्ये नव्हता, तरी आपली पोरं धरली, कंपनीने इराक सोडावा म्हणून. एक सप्टेंबरपर्यंत त्यांच्या घरच्यांचे हाल टीव्हीवर बघितलेत मी. काच फुटली की नाही पुढच्या दुकानाची?

कृष्णाकाठी

नाना, फिलिपाईन्सबाबत शंभर टक्के सहमत. ती शरणागतीच. कारण तिथे क्रम उघड आहे: ओलीस धरला, मागणी आली, मुदत दिली, मागणी मान्य झाली, ओलीस सुटला. सरकारला स्वतःला तेव्हा परत यायचं नव्हतं, २० ऑगस्टपर्यंत राहायचं ठरलेलं होतं. आणि त्याच नोव्हेंबरमध्ये बगदादेत परत एक फिलिपिनो माणूस पळवला गेलाच. फिलिपाईन्सच्या त्या ड्रायव्हरच्या एकच महिना आधी दक्षिण कोरियाचा एक दुभाष्या पळवला, त्यांनी नकार दिला, त्याला मारलं, आणि कोरियाने उलट तीन हजार सैनिक पाठवले. दोन देश, दोन निर्णय. कोणता बरोबर हे त्या दुभाष्याच्या आईला विचारायची माझी हिंमत नाही, पण शरणागती कोणती हे सांगता येतं.

स्पेनमध्ये मागणी आली कधी? बॉम्ब आधी फुटले, जबाबदारी घेणारी टेप नंतर सापडली. कोणी म्हणालं नव्हतं की सैन्य काढा नाहीतर गाड्या उडवू.

आणि तिरकस, ते सैन्य करत काय होतं तेही बघा ना. १३०० स्पॅनिश सैनिक, दिवानिया आणि नजफमध्ये. तो सगळा शिया मुलूख. चार एप्रिलला नजफला त्यांच्या तळावर हल्ला झाला तो शिया नेता मुक्तदा अल सद्रच्या महदी आर्मीचा, ज्यांचं अल कायदाशी विळ्या-भोपळ्याचं नातं. आणि माद्रिदमध्ये बॉम्ब ठेवणारे कोण? बहुतेक मोरोक्को-ट्युनिशियाकडचे, वर्षानुवर्षं स्पेनमध्येच राहणारे, कोणी छोटंमोठं दुकान चालवणारा, कोणी ड्रग्ज विकणारा. स्फोटकं कुठली? स्पेनच्याच आस्तुरियास भागातल्या खाणीतली, एका माजी खाण कामगाराने चोरून काढून दिलेली, मोबदल्यात चरस. दिवानियात अजून दहा वर्षं बसले असते तरी यातला एकही माणूस हाताला लागला नसता. त्यांना पकडलं कशामुळे, तर एक बॅग फुटली नाही, त्यातल्या मोबाईलचं सिमकार्ड कोणत्या दुकानातून गेलं ते पोलिसांनी शोधलं. हवालदारी काम.

आणि ज्या वर्षी इराकमधून काढलं त्याच वर्षी अफगाणिस्तानात स्पेनने सैनिक वाढवले, तिथे २०१३ पर्यंत बादघिस प्रांत सांभाळला. लादेनच्या टेपला उत्तर द्यायचं असतं तर आधी तिथून निघाले असते.

फौजी_सातारा

वाचतोय कधीचा. लिहायचं नव्हतं पण लिहितो, मराठी टायपिंगला वेळ लागतो, चुका पदरात घ्या.

तुम्ही लोक स्पेन, कोरिया करताय, आपलं घरचं कोणालाच आठवत नाही. श्रीलंका. शांतिसेना. मी ८९ ला वावुनियाच्या बाजूला होतो. सकाळी रोड ओपनिंगला (सुरुंग आहेत का बघत रस्ता मोकळा करायला) निघायचं म्हंजे कल्व्हर्ट, रस्त्याखालची मोरी, आला की सगळे थांबणार, दोघं खाली उतरून हातानं चाचपणार, वायर झाडीत कुठं गेलीय का बघणार, आणि मागं गाड्यांची लाईन. डांबर नवं दिसलं की पोटात गोळा. लिट्टेचा पोरगा पन्नास-शंभर मीटरवर बॅटरी घेऊन बसलेला असायचा. बाराशेच्या आसपास जवान गेले आपले. ८ महारचे मेजर परमेश्वरन यांना परमवीर चक्र मिळालं ते तिथलंच, नोव्हेंबर ८७. कितीजणांना माहीत आहे?

मग ८९ मध्ये श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदासा म्हणाले जुलैअखेर निघा. ज्या सरकारनं करार करून बोलावलं त्याच देशाचं सरकार आम्हाला घालवण्यासाठी लिट्टेला हत्यारं देत होतं, हे नंतर उघड झालं पण आम्हाला तिथं तेव्हाच वास येत होता. दिल्लीत व्ही. पी. सिंग आले, २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून शेवटची तुकडी निघाली. मद्रासला स्वागताला राज्याचे मुख्यमंत्री करुणानिधी आले नाहीत. ते आजपण डोक्यात आहे, लपवत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ती शरणागती होती का? आमच्या मेसमध्ये तेव्हा बरेच जण म्हणायचे की अजून सहा महिने द्या, संपवतो. पण काय संपवायचं होतं ते ऑर्डरमध्ये कुठं लिहिलं होतं? शांतता राखायला गेलेलो, लढाई करत होतो, ती पण ज्यांच्यासाठी गेलो त्यांच्याच पोरांशी. यजमान निघा म्हणतोय. अशा वेळी राहणं याला मी बहादुरी म्हणणार नाही.

पण दुसरी बाजूपण खरी आहे. आम्ही निघालो, तीन महिने नाही झाले, जून ९० ला लिट्टेनं पूर्वेकडं शरण आलेले सहाशेच्या आसपास पोलीस मारले. आणि २१ मे ९१ ला श्रीपेरुंबुदूर. राजीवजींना मारलं ते सैन्य तिथं असताना नाही, परत आल्यावर वर्षानं, पुन्हा पाठवतील या भीतीनं. प्रेमदासांनी त्यांना हत्यारं दिली त्यांनापण ९३ ला उडवलं. म्हणून मला दोन्ही पार्टीचं पटत नाही. सैन्य काढलं की ते गप बसतील हे खोटं, आणि सैन्य ठेवलं की ते घाबरतील हेपण खोटं.

मुक्ता_माद्रिद

फौजीकाका, मेजर परमेश्वरन खरंच माहीत नव्हते. लिहीत जा.

अनघा_ठाणे

फौजीकाकांच्या प्रतिसादानंतर लिहायला संकोच वाटतोय तरी एक मुद्दा टाकते, जो या चर्चेत कोणीच आणत नाही.

लादेनची अमेरिकेविरुद्ध सगळ्यात जुनी आणि मोठी तक्रार कोणती? सौदीच्या भूमीवर अमेरिकन सैन्य. १९९६ च्या जाहीरनाम्याचा गाभाच तो आहे. आता बघा, ११ सप्टेंबर झालं २००१ ला, आणि एप्रिल २००३ च्या शेवटी अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी जाहीर केलं की सौदीतल्या प्रिन्स सुलतान तळावरून अमेरिकन फौजा निघणार, कामकाज कतारला हलवलं. म्हणजे लादेनची नंबर एकची मागणी बुश सरकारने दीड वर्षात पूर्ण केली. कोणी म्हणालं का बुश घाबरले? का नाही म्हणालं, तर इराक जिंकल्यावर तो तळ लागत नव्हता, सौदीलाही नको होता, कारण स्वच्छ होतं. मग हाच न्याय झापातेरोंना लावायला काय हरकत आहे. का टेक्सासचा माणूस असला की ती रणनीती आणि समाजवादी असला की शेपूट?

रेगन यांचंही तेच. २३ ऑक्टोबर १९८३ ला बैरूतमध्ये ट्रक बॉम्बने २४१ अमेरिकन मारले गेले, आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये त्यांनी मरीन्सना लेबनॉनच्या किनाऱ्यावरून जहाजांवर हलवायचा आदेश दिला. रेगन यांना बुळचट म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

तिरकस

अनघा, सौदीचा मुद्दा चांगला आहे, मानलं. पण बैरूत काढून तुम्ही माझंच काम केलंत. त्याच १९९६ च्या जाहीरनाम्यात लादेनने अमेरिकेची टर उडवलीय, बैरूतमध्ये मार खाऊन पळालात, सोमालियात काही सैनिक पडले आणि एका पायलटला रस्त्यातून फरपटवलं की निघालात. म्हणजे रेगन आणि क्लिंटन यांच्या मनात काहीही असो, तिकडे त्याचा धडा घेतला गेला आणि पुढची माणसं त्यावर पोसली गेली. मी हेतूबद्दल बोलतच नाहीये, परिणामांबद्दल बोलतोय.

कृष्णाकाठी

बरोबर, पण मग या हिशोबाने कधीच कुठूनच निघता येणार नाही. कारण निघालं की समोरचा म्हणणारच आम्ही हाकललं. १५ फेब्रुवारी १९८९ ला सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानातून पूल ओलांडून गेलं तेव्हापण मुजाहिदीन तेच म्हणाले. फुशारकी मारायला त्यांना पैसे पडत नाहीत. आपण आपलं परराष्ट्र धोरण त्यांच्या भाषणांवरून ठरवायचं का? आणि मुळात न जाणं हा पर्याय असतो हे आपण विसरतो. जुलै २००३ मध्ये अमेरिका आपल्याकडे इराकसाठी अख्खी डिव्हिजन मागत होती, वाजपेयी सरकारने नाही सांगितलं, संयुक्त राष्ट्रांचा आदेश नाही म्हणून. दिल्लीतले बरेच शहाणे तेव्हा जा म्हणत होते. गेलो असतो तर वर्षभरात हाच धागा आपल्यावर निघाला असता.

नाना वाकडेवाडी

वाजपेयींचं नाव काढलंत तर कंदाहारपण काढा. ३१ डिसेंबर १९९९. विमानातल्या ओलिसांसाठी तीन अतिरेकी सोडले, त्यातल्या मसूद अझहरने महिन्या-दोन महिन्यांत जैश काढली.

अनघा_ठाणे

कंदाहारला सैन्य मागे घेतलं नव्हतं नाना, कैदी सोडले होते. आणि मला वाटतं खरी रेघ तिथेच आहे. सैन्य काढून तुम्ही तुमची वस्तू परत घेता. कैदी सोडून तुम्ही त्याला त्याची वस्तू देता.

दोहा करार बघा ना, २९ फेब्रुवारी २०२०. जवळजवळ वीस वर्षांनी निघायचं ठरवलं, त्यात मला काही चूक वाटत नाही. पण करार केला तो तालिबानशी, काबूलच्या सरकारला खोलीबाहेर ठेवून, आणि वर कबूल केलं की ते सरकार पाच हजार तालिबानी कैदी सोडेल. ज्याला चर्चेत खुर्ची दिली नाही त्याच्या तुरुंगाच्या किल्ल्या तुम्ही वाटल्या. अफगाण अध्यक्ष घनी आधी नाही म्हणाले, मग हळूहळू सोडावे लागले. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं त्याआधीच अफगाण पोलीस आणि सैनिकांना कळून चुकलं होतं की वरून सौदा झालाय, आता कोणासाठी मरायचं.

तिरकस

याला +१. नोंद करून ठेवा, या धाग्यावर मी कोणाशी तरी सहमत झालोय.

पण मग कोरिया २००७ कुठे बसवणार? अफगाणिस्तानात २३ कोरियन मिशनरी पळवले, दोघांना मारलं, आणि कोरियाने तालिबानशी समोरासमोर बसून सांगितलं की २०० सैनिक वर्षाअखेर काढतो. ते तसेही वर्षाअखेर निघणारच होते, आधीच ठरलेलं होतं. म्हणजे धागाकर्त्यांच्या व्याख्येत ही शरणागती नाही, अनघाच्या व्याख्येतही नाही, कैदी सोडले नाहीत. पण तालिबानसमोर टेबलावर बसून त्यांना ते बक्षीस म्हणून दिलं ना. आता बोला.

फौजी_सातारा

यात बोलायचं काय. आधीच ठरलेली गोष्ट बंदुकीसमोर बसून पुन्हा कबूल करायची नाही. निघायचं तर स्वतःच्या संसदेत सांगून निघायचं, त्यांना सांगून नाही. स्पेननं निदान तेवढं केलं.

तिरकस

आणि माणसं आत अडकलीत तेव्हा? २१ जिवंत होती.

फौजी_सातारा

तेव्हा बोलायचं. पण मग त्याला डिप्लोमसी म्हणून पेपरात छापायचं नाही.